माहेरचे नाव यमुना

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या १८५७च्या ‘यमुनापर्यटन’ची नायिका यमुना. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. तिची निवेदिकाही यमुनाच, घरच्यांची यमू. या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळात हाडामांसाच्या दोन यमुना जन्मल्या. एक १८६५मध्ये कल्याणला, दुसरी आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. पहिलीला आपण डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो आणि दुसरीला रमाबाई रानडे म्हणून. लग्न झाले आणि दोघींचेही यमुना हे नाव माहेरीच राहिले.

कागदावरच्या दोन आणि जगलेल्या दोन अशा या चार यमुना एकाच शतकातल्या, एकाच भाषेतल्या, जवळजवळ एकाच प्रकारच्या घरांतल्या आहेत. म्हणून या एका नावाचा माग काढावासा वाटला. ते कुठून आले, मराठी घरांनी ते मुलींना का दिले, आणि साहित्याने ते इतके जिवाशी का धरले, हे त्यातून कळते.

मूळ वेदांत आहे. ऋग्वेदात यमुना नदी तीनदा येते. एकदा मरुतांच्या सूक्तात, एकदा सुदास राजाच्या लढाईच्या सूक्तात, आणि एकदा दहाव्या मंडलातल्या नदीसूक्तात, गंगेच्या लगेच मागून. ‘यम’ म्हणजे जुळा. यमुनेच्या नावात हा जुळेपणा आहे, आणि गंगेला जवळजवळ समांतर वाहत जाऊन प्रयागला तिला मिळणाऱ्या नदीला तो शोभतोही. ऋग्वेदात यम आणि यमी या जुळ्या भावंडांचा एक अस्वस्थ करणारा संवाद आहे. त्यातल्या यमीला ऋग्वेद कुठेही नदी म्हणत नाही. यमी म्हणजेच यमुना, सूर्याची लेक, यमाची बहीण, ही सांगड पुराणांनी घातली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली ती कार्तिक शुद्ध द्वितीयेमुळे. त्या दिवशी यम यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून ती यमद्वितीया, म्हणजेच आपली भाऊबीज. सासरी असलेल्या बहिणीकडे भाऊ जातो, ती त्याला ओवाळते, तो ओवाळणी घालतो. प्रत्यक्ष मृत्यूलाही बहिणीच्या दारी पाटावर बसावे लागते. इतकी आपलेपणाची गोष्ट ज्या नदीभोवती आहे, तिचे नाव लेकीला ठेवावेसे वाटले यात नवल नाही.

उच्चाराचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, आणि यमुनेतला ‘म’ही विरघळत गेला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने यमुना, चामुंडा अशा मोजक्या शब्दांसाठी स्वतंत्र नियम लिहून ठेवला, की यांतला ‘म’ जातो आणि त्याच्या जागी नुसता अनुनासिक उरतो. म्हणून प्राकृतातली यमुना ‘जउँणा’ झाली. हिंदीत आणि गुजरातीत ती जमना किंवा जमुना म्हणून राहिली. मराठीने मात्र मुलीच्या नावात मूळ संस्कृत रूपच धरले आणि लाडासाठी त्याची यमू, यमी, यमाताई केली. साताऱ्याकडे आणखी एक धागा येऊन मिळतो, तो औंधच्या यमाई देवीचा. रामाने तिला ‘ये माई’ म्हणून हाक मारली, म्हणून ती यमाई, असे लोक सांगतात. त्या भागात देवीच्या नावावरून यमाजी, यमाबाई अशी नावे चालत आली. तेव्हा एखाद्या देशावरच्या घरातली यमू नदीची की देवीची, हे तिच्या आजीलाच विचारावे लागेल.

संस्कृत काव्यात यमुना म्हणजे काळेभोर पाणी. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून अयोध्येला परतताना राम सीतेला प्रयागचा संगम दाखवतो, आणि कालिदास एकामागून एक उपमा देत जातो. मोत्यांत ओवलेले नीलमणी, पांढऱ्या कमळांत मिसळलेली निळी कमळे, सावलीने चितारलेले चांदणे. ‘मेघदूता’त तर नुसत्या ढगाची सावली गंगेवर पडली तरी भलत्याच जागी यमुना मिळाल्यासारखी वाटेल, असे तो म्हणतो. पुढे भागवताने तिला कथा दिल्या. कालिया नाग तिच्याच डोहात राहतो. तीच कालिंदी होऊन कृष्णाच्या आठ पट्टराण्यांत बसते. आणि दारूच्या नशेत बलरामाने बोलावल्यावर ती येत नाही, तेव्हा तो नांगराच्या फाळाने तिला ओढून आणतो. ही शेवटची कथा मला नेहमी बोचते. आपल्या वाटेने निघालेल्या बाईला फरपटत आणण्याचे इतके उघड चित्र पुराणांत फार थोड्या ठिकाणी असेल.

शिल्पांतही ती आहे. गुप्तकाळापासून देवळांच्या दारांवर एका बाजूला मगरीवरची गंगा आणि दुसऱ्या बाजूला कासवावरची यमुना उभी राहिली. वेरूळच्या कैलास लेण्याच्या आवारात गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे वेगळे दालनच आहे. मुंबईकरांना तर इतके दूरही जायला नको. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात गंगाधर शिवाचे जे शिल्प आहे, त्यात शिवाच्या मस्तकावर तीन मुखांची एक स्त्री कोरली आहे. अभ्यासक तिच्यात या तीन नद्यांचा संगम पाहतात. लाँचने घारापुरीला जाणारे लोक त्रिमूर्तीसमोर उभे राहतात आणि या शिल्पाकडे पुष्कळदा पाठ करतात. एकदा मान वर करून ती तीन मुखे जरूर पाहावीत.

पण मराठी बाईच्या कानावर यमुना आली ती कालिदासाकडून नव्हे आणि लेण्यांतूनही नव्हे. ती आली एकनाथांच्या गवळणींतून, कीर्तनातल्या कालियामर्दनातून, आणि श्रीधराच्या ‘हरिविजया’तून. १७०२ साली पुरी झालेली ही पोथी पुढची दोनशे वर्षे घराघरांत वाचली गेली. वाचणारा पुरुष असे, ऐकणाऱ्या बायका असत. ज्यांनी गावाची वेस ओलांडली नव्हती त्यांना गोकुळातला नदीचा घाट, कळंबाचे झाड, पाण्यात पडलेला चेंडू हे सगळे स्वतःच्या परसदारासारखे माहीत होते. भीमा, कृष्णा, गोदा या रोजच्या नद्या होत्या. यमुना ऐकलेली नदी होती आणि म्हणून अधिक ओढ लावणारी होती.

जी काशीयात्रेला गेली तिने मात्र यमुना पाहिली, आणि पाहताना वेणीचे टोक दिले. प्रयागच्या संगमावर सवाष्णीने करायचा वेणीदानाचा विधी महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंमध्ये विशेष चालत आला आहे. नवऱ्याशेजारी बसायचे, त्याच्या संमतीने वेणीचे जरासे टोक कापायचे आणि ते संगमात सोडायचे. तिथल्या पाण्यात दिलेले केस सौभाग्यासाठी असतात. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढे यमुनेच्याच नावाच्या एका बाईच्या केसांची वेगळी कथा येणार आहे.

भाषेतही यमुना रुळली ती गंगेबरोबर जोडीनेच. तांबे आणि पितळ किंवा सोने आणि चांदी मिळून केलेल्या कामाला आपण गंगाजमनी म्हणतो. रडू कोसळले की डोळ्यांतून गंगा-यमुना वाहतात. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम यांनी लिहिलेल्या, वसंत प्रभूंनी चाल लावलेल्या आणि लता मंगेशकरांनी गायलेल्या पाठवणीच्या गाण्यात सासरी निघालेल्या मुलीच्या डोळ्यांत याच दोन नद्या आहेत. ते गाणे वाजले नाही असे मराठी लग्न एके काळी क्वचितच असेल. सासरी जाण्याशी यमुना या नावाचे नाते असे तिहेरी आहे. भाऊबीज आहे, पाठवणीचे रडू आहे, आणि मांडवात होणारा नावाचा बदल आहे.

आता त्या बदलाकडे येऊ. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव कसे असावे ते सांगितले आहे. उच्चारायला सोपे, मनाला गोड वाटणारे, शुभ, आणि दीर्घ स्वराने संपणारे. यमुना या कसोटीला पूर्ण उतरते. पण तिसऱ्या अध्यायात, वधू कशी निवडावी हे सांगताना, नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, डोंगराचे, पक्ष्याचे, सापाचे नाव असलेली मुलगी करू नये असे म्हटले आहे. महाराष्ट्राने या दुसऱ्या वचनाकडे साफ दुर्लक्ष केले. एकोणिसाव्या शतकातली कुठलीही वंशावळ उघडा, त्यात गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी, भागीरथी, नर्मदा, कावेरी, सरस्वती भरलेल्या दिसतील. जन्मल्या मुलीला नदीचे नाव देण्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

पण सासरी मात्र ही नावे टिकली नाहीत. लोकमान्य टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी होत्या, सासरी त्या सत्यभामा झाल्या. महर्षी कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी गोदूबाई, म्हणजे गोदावरी, १८९३ साली पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई झाल्या. कल्याणची यमुना आनंदी झाली, देवराष्ट्र्याची यमुना रमा झाली. याला मनूचे वचन कारण आहे असे मी म्हणणार नाही, कारण नाव बदलण्याची रीत सगळ्याच मुलींना लागू होती. ना. वा. टिळकांच्या पत्नी माहेरच्या मनकर्णिका, त्यांच्याही लक्ष्मीबाई झाल्याच, आणि ‘स्मृतिचित्रे’ आपण त्याच नावाने वाचतो. नवीन नाव बहुधा नवऱ्याच्या नावाशी जोडून निवडले जाई. नारायणाची लक्ष्मी ही सरळ जोडी आहे. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, म्हणून त्यांच्याकडे सत्यभामा. नव्या सुनेला घराची लक्ष्मी मानायचे तर तिला लक्ष्मीच्या किंवा कृष्णपत्नीच्या नावांतले एखादे द्यायचे, असा तो हिशेब होता. कालिंदी ही कृष्णाचीच राणी असूनही यमुनेला तिथे जागा मिळालेली दिसत नाही. नदी माहेरची, देवी सासरची, अशी वाटणी कुणी न ठरवता झाली होती.

तो क्षण कसा असे हे अजूनही कुठे कुठे पाहायला मिळते. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो, त्याची पूजा होते, आणि ते मोठ्याने वाचून दाखवल्यावर पेढे वाटतात. थोड्या वेळाने तांदूळ डब्यात परत जातात. आजकाल मुंबईच्या उपनगरांतल्या हॉलमध्ये पुष्कळदा मुलीचे आहे तेच नाव ताटात लिहितात. आधार, पॅन, पासपोर्ट, बँकेचे खाते आणि पदवीचे प्रमाणपत्र एकाच नावावर असते, आणि राजपत्रात नावबदल छापून आणण्याची दगदग कुणाला नको असते. कारण काहीही असो, ताटातले अक्षर मुलीचे स्वतःचे राहिले याचा मला आनंद होतो.

बाईच्या पहिल्या नावाचा पुरावा कागदावर सापडणे अवघड असते, कारण तेव्हा मुलींचे कागदच नव्हते. तो सापडतो भांड्यांवर. मुलुंडमध्ये जुनी चाळ पाडून टॉवर होणार म्हणून एका घरातला माळा रिकामा होत होता, तिथे मी एक तांब्याची घागर पाहिली. काठाच्या जरा खाली, टोचणीने ठिपका ठिपका मारून नाव घातलेले होते, आणि ते त्या घरात कुणी ऐकलेले नव्हते. खापरपणजीला सगळे सरस्वतीबाई म्हणत. घागरीवर ‘चि. यमुना’ होते आणि शेजारी माहेरचे आडनाव. चिंचेने घासून घासून ठिपके बुजत आले होते, बोट फिरवले तरच लागत होते. लग्नात माहेरहून आलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत घाटकोपर-मुलुंडच्या भांड्यांच्या दुकानांत आजही आहे, आता ते यंत्राने घालून देतात. ज्यांच्या माळ्यावर अशी जुनी भांडी आहेत त्यांनी ती मोडीत घालण्याआधी उजेडात धरून वाचावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे. पणजीचे खरे नाव कदाचित तेवढ्याच एका जागी उरले असेल.

साहित्यात मात्र यमुनेचे नाव पुसले गेले नाही. बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावला जन्मलेले, १८५४मध्ये ख्रिस्ती झालेले लेखक. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६चा आणि ‘यमुनापर्यटन’ त्याच्या पुढच्याच वर्षीचे. हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचे निरूपण असे त्याचे जोडनावच आहे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत एकेका विधवेची हकिगत ऐकते, आणि पुढे तिच्यावरच वैधव्य येते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. धर्मप्रचाराचा हेतू लपलेला नाही, आणि कादंबरी म्हणून ती जागोजागी अडखळते. पण त्या काळी बाईला प्रवास घडवणारी, तिला ऐकायला, विचारायला आणि उत्तर द्यायला लावणारी गोष्ट लिहिताना पदमनजींनी नायिकेला वाहत्या पाण्याचे नाव दिले, हे मला फार समर्पक वाटते. सत्यभामा किंवा लक्ष्मी हे नाव ‘पर्यटन’ या शब्दाशेजारी असे बसले नसते.

हरिभाऊंची यमू त्याहून खोल जाते. ती स्वतःच स्वतःची हकिगत सांगते, आणि मराठी कादंबरीत बाईचा असा सलग, जिवंत आवाज तिच्या आधी नव्हता. लहानपणीचे दिवस, दादाशी असलेले गूळपीठ, मैत्रीण दुर्गीचे हाल, वडिलांचा धाक हे सारे ती सांगते, आणि मग लग्न होऊन रघुनाथरावांबरोबर मुंबईत येते. मुंबईतली ती प्रकरणे वाचताना मन हलके होते. नवराबायको एकत्र वाचतात, बोलतात, सुधारकांच्या घरी जाणेयेणे होते, बायकांच्या सभेत बायकाच बोलतात. पुण्याच्या वाड्यात जे अशक्य होते ते मुंबईच्या बिऱ्हाडात सहज घडते. नवरा गेला आणि यमू पुन्हा त्या वाड्यात ओढली गेली. सासरच्या शंकरमामंजींनी तिचे केशवपन करवले, तिच्या मनाविरुद्ध, आणि त्या धक्क्यातून ती सावरली नाही. प्रयागच्या पाण्यात सवाष्ण वेणीचे टोक आनंदाने देते. इथे यमुना नावाच्या विधवेचे सगळे केस हिसकावून घेतले जातात. बलरामाच्या नांगराची कथा मला बोचते ती याच प्रकरणांमुळे. हरिभाऊंच्या मनात हे सारे संदर्भ होते की घराघरांत असलेले एक साधे नाव त्यांनी उचलले, हे ठरवता येणार नाही. पण यमाच्या बहिणीचे नाव असलेल्या या मुलीचा अखेरपर्यंतचा आधार तिचा भाऊ, म्हणजे तोच दादा, गणपतराव असतो. ‘हरिविजय’ ऐकत वाढलेल्या वाचकिणीच्या मनात भाऊबीज आली नसेल असे मला वाटत नाही.

कादंबरीतली यमू मुंबईत सुखी होती त्याच्या काही वर्षे आधी कल्याणची खरी यमुना मुंबईहून निघणाऱ्या रेल्वेमार्गाच्या आसपास वाढली. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३मध्ये धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि आणखी अकरा वर्षांनी तिचा जन्म झाला. आज घाटकोपर-मुलुंडकर सकाळी ज्या रुळांवरून कामावर जातात, ते तिच्या लहानपणी नवलाईचे होते. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोश्यांशी झाले. ते टपालखात्यात नोकरीला होते आणि बायकोने शिकावे या एकाच ध्यासाने पछाडलेले होते. त्यांनी तिला आनंदी हे नाव दिले आणि अक्षरही दिले. १८८३मध्ये ती अमेरिकेला गेली, ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारली. वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिच्या अस्थींचा अंश न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, तिला अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवला आहे. तिथल्या दगडावर नाव आहे आनंदीबाई जोशी. यमुना हे तिचे नाव सर्वसामान्य वाचकाला माहीत झाले ते पुढे, विशेषतः श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे आणि २०१९च्या चित्रपटामुळे.

रमाबाईंचेही तसेच. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे १९१०चे पुस्तक मराठी आत्मचरित्रांतले एक मोठे लेणे आहे. सेवासदनाच्या कामामुळे रमाबाई रानडे हे नाव मुंबई-पुण्यात सर्वतोमुखी झाले. पण त्यांचे लहानपणचे नाव घराघरांत पोचायला २०१२ साल उजाडावे लागले. ‘उंच माझा झोका’ या मालिकेत परकर-पोलक्यातली छोटी यमुना संध्याकाळी टीव्हीवर आली. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या घरांत हे नाव तीन पिढ्यांत कुणाला ठेवले नव्हते, तिथल्या मुलींच्या तोंडी ‘यमू’ आले. त्याच वर्षी लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली. १९१५ साली वाई तालुक्यात जन्मलेल्या आणि २०१८पर्यंत जगलेल्या यमुनाबाईंच्या नावाला कुणी हात लावला नाही. तमाशा-लावणीच्या परंपरेतल्या कलावतींची ओळख स्वतःचे नाव आणि गाव यांवर उभी राही. यमुना हे नाव मोठ्या व्यासपीठावर अखंड मिरवले गेले ते अशा एका बाईमुळे, जिला त्या काळच्या प्रतिष्ठित घरांनी उंबऱ्याआत घेतले नसते. बैठकीच्या लावणीतला त्यांचा भाव एकदा तरी ध्वनिमुद्रणावर ऐकावा.

उपनगरांत यमुनेचे दुसरे घर आहे ते गुजराती वैष्णवांकडे. वल्लभाचार्यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर पुष्टिमार्ग घालून दिला आणि ‘यमुनाष्टक’ रचले. ते आजही हवेलीत, म्हणजे पंथाच्या मंदिरात, आणि घरी नित्य म्हटले जाते. या पंथात यमुनाजी ही कृष्णाची प्रियाच. मथुरेहून तिचे पाणी तांब्याच्या लहानशा लोटीत, तोंड पक्के बंद करून आणतात. लोटी घरात जपून ठेवतात आणि पुढे आप्तेष्ट, कीर्तन, प्रसाद अशा थाटात ती उघडण्याचा लोटी-उत्सव होतो. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली या भागांतल्या मराठी शेजाऱ्यांनी त्याचा प्रसाद खाल्लेला असतो, त्यामागची नदी ठाऊक असतेच असे नाही. गुजराती-मारवाडी समाजात हे नाव बायकांपुरते राहिले नाही. जमनाबेन आहेत तसे जमनादास आणि जमनालालही आहेत. वर्ध्याचे जमनालाल बजाज सगळ्यांना माहीत आहेत. जुहूची १९७१ साली सुरू झालेली जमनाबाई नरसी शाळा तर अंधेरी-पार्ल्याच्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात आहे. तिच्या गणवेशातल्या मुलांनी यमू नावाची मुलगी वर्गात कधी पाहिली नसेल, पण यमुनेचे नाव ती रोज घेतात.

विसाव्या शतकात मराठी घरांतून यमुना हळूहळू गेली. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात यमुनेच्या पाण्याचे गाणे गायल्या आणि महाराष्ट्रभर खळबळ झाली. पण ती यमुना गोकुळातली होती, मुलीचे नाव म्हणून तिला नवे तेज आले नाही. मुलींची नावे आधी सुलोचना-शालिनी, मग उषा-आशा, मग स्मिता-सुनीता अशी फिरत गेली. नदीचे नाव ठेवायचेच तर शरयू, कावेरी, रेवा ही जरा हलकी वाटणारी नावे पुढे आली. वृश्चिक राशीला ‘न’ आणि ‘य’ ही अक्षरे येतात. त्यामुळे ‘य’वरून नाव हवे असलेले आईबाप आजही पुष्कळ आहेत, पण त्यांच्या यादीत यशस्वी, यामिनी, युक्ता असतात. मला वाटते, यमुना या नावाला त्या दोन कादंबऱ्यांची सावली लागली. हरिभाऊंची यमू वाचून रडलेल्या आईने ते नाव पोटच्या मुलीला ठेवायला मन घट्टच करावे लागले असते. पुढे ते आजीचे नाव झाले, आणि आजीची नावे परत यायला वेळ लागतो. यमुनेचीही वेळ येवो, अशी माझी मनापासून इच्छा आहे. १ मे २०२४पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरले आहे. आईचे नाव आता मुलाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पोचणार आहे.

नदीचे नाव सासरी टिकल्याचे एक उदाहरण मात्र मोठे आहे, आणि तेही त्याच कर्व्यांच्या घरातले. ब्रह्मदेशात मिंजान या नदीकाठच्या गावी १९०५ साली करमरकरांच्या घरी मुलगी झाली. वडील तिथे नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीवरून तिचे नाव इरावती ठेवले. इरावती हे मूळचे संस्कृत नाव, पंजाबातल्या रावीचेही जुने नाव तेच. ही मुलगी पुण्यात शिकली आणि दिनकर कर्व्यांशी लग्न करून महर्षींच्या घरात सून म्हणून आली. त्या घरातल्या सासूबाई आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया, म्हणजे माहेरच्या गोदावरी. बायांची आठवणींची वही ‘माझे पुराण’ म्हणून १९४४मध्ये छापली गेली, तेव्हा मुखपृष्ठावर आनंदीबाई कर्वे हे नाव होते. सुनेने जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवली, महाराष्ट्र पायी पालथा घातला, आणि ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या सगळ्या पुस्तकांवर ब्रह्मदेशातल्या नदीचे तेच नाव आहे, इरावती कर्वे.